निसर्गशाळेत नाव घालण्यापूर्वी : मिनेसोटातील मराठी पालकांचे प्रश्न

निसर्गाधारित चार्टर शाळांविषयी मिनेसोटातील मराठी पालक जी पत्रे पाठवतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो : ही शाळा खासगी की सरकारी? ती सरकारी आहे. चार्टर शाळांचा कायदा करणारे मिनेसोटा हे अमेरिकेतील पहिले राज्य. तो कायदा १९९१ साली झाला आणि देशातील पहिली चार्टर शाळा, सिटी अकॅडमी, १९९२ साली सेंट पॉलमध्ये उघडली. अशी शाळा जनतेच्या पैशावर चालते, परंतु स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातील नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, रोजच्या हुकमतीखाली नसते. ती चालवणारे मंडळ आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी मान्यतादार संस्था, म्हणजे ऑथरायझर, यांच्यातील मुदतबंद लेखी करारावर तिचे अस्तित्व अवलंबून असते. पुढील बहुतेक उत्तरे या एवढ्या माहितीतूनच निघतात.

प्रश्न : या शाळेची वार्षिक फी किती असते आणि प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा आमची मुलाखत होते का? (मेपल ग्रोव्ह)

फी नाही, चाचणी नाही, मुलाखतही नाही. यांपैकी कशाचीही मागणी झाली, तर ती शाळा चार्टर नाही किंवा ती कायदा मोडते आहे.

प्रश्न : सोडतीत नाव वर यावे म्हणून एक सल्लागार पैसे घेऊन अर्ज भरून देतात, असे ऐकले. शाळेजवळ घर घेतल्यास जागा नक्की मिळते, असेही सांगतात. हे खरे का? (प्लिमथ)

जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा, असे कायदा सांगतो. त्याआधी शाळेत शिकत असलेल्या मुलांच्या भावंडांना प्राधान्य मिळते आणि शाळेची इच्छा असल्यास तिच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही ते देता येते. सल्लागाराला या क्रमात बोटभरही जागा नाही. अर्ज विनामूल्य असतो आणि तो भरायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाचे पैसे घेऊन कोणी नशीब विकत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. प्रवेश घ्यावा म्हणून पालकांना भेटवस्तू किंवा मोफत सेवा देण्यास शाळेलाही मनाई आहे, हे या निमित्ताने लक्षात ठेवावे.

घराजवळची शाळा ही कल्पना मात्र सर्वस्वी खोटी नाही, आणि म्हणूनच ती पसरते. डलूथ टाउनशिपमधील प्राथमिक चार्टर शाळेने पाच मैलांच्या परिघातील मुलांना आणि डकोटा काउंटीतील कॅसल रॉक टाउनशिपमधील शाळेने दोन मैलांच्या परिघातील मुलांना प्राधान्य द्यावे, असे खुद्द कायद्यात लिहिले आहे. ग्रामीण भागातील शाळा आधी आसपासच्या कुटुंबांच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील हेतू दिसतो. या अपवादांवरून ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस व सेंट पॉलच्या, उपनगरात घर विकत घेणे शहाणपणाचे नाही. कर्ज काढण्यापूर्वी शाळेचे लेखी प्रवेश धोरण वाचावे आणि शंका राहिल्यास कार्यालयाकडून ईमेलने उत्तर घ्यावे.

प्रश्न : मुलगी एका महागड्या खासगी निसर्ग-प्रीस्कूलमध्ये आहे. तेथून चार्टरच्या किंडरगार्टनमध्ये थेट प्रवेश मिळेल, असे तेथील प्रतिनिधींनी सूचित केले. (वुडबरी)

मिळणार नाही. चार्टर शाळेला स्वतःच्या प्रीस्कूलमधील मुलांना प्राधान्य देता येते, परंतु ते प्रीस्कूल सर्वांसाठी मोफत असेल तरच. पैसे भरून रांगेत पुढे जाण्याची वाट कायद्याने मुद्दाम बंद केली आहे. ‘सूचित केले’ या शब्दांवरूनच कळते की कागदावर काहीही दिलेले नाही. मुलगी तेथे रमली असेल तर तिला जरूर ठेवावे. जागेच्या आशेवर पुढचा हप्ता भरू नये.

प्रश्न : आम्ही एच-१बी व एच-४ व्हिसावर आहोत. मुलाला या शाळेत घालता येते का? (ईगन)

येते. आपल्या व्हिसाविषयी इतर काही गुंतागुंत असेल, तर इमिग्रेशन वकिलाला विचारावे, व्हॉट्सॲप गटाला नव्हे.

प्रश्न : प्रवेशअर्जाबरोबरच्या भाषेच्या पत्रकात ‘घरी मराठी बोलतो’ असे लिहिले तर मुलाला वेगळ्या वर्गात बसवतात, म्हणून सर्वांनी ‘इंग्रजी’ लिहिण्याचा सल्ला दिला. (रॉचेस्टर)

हे पत्रक राज्यातील प्रत्येक सरकारी शाळेत भरावे लागते. घरी दुसरी भाषा असल्याचे कळले की शाळा मुलाचे इंग्रजी तपासते. ते पुरेसे असेल तर गोष्ट तेथेच संपते, आणि पुरेसे नसेल तर त्याला मदत देऊ केली जाते. ती मदत नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे. खोटे लिहिल्याने मात्र मुलाची मदत जाते, आणि पुढे कधी त्याच्या शिकण्याविषयी शंका आली तर तपासणाऱ्यांच्या हाती चुकीची माहिती पडते. खरे लिहावे.

प्रश्न : ही मुले जानेवारीतही बाहेर असतात म्हणे. उणे तापमानात हे सुरक्षित आहे का? उन्हाळ्यातील टिकची भीतीही वाटते. (रॉचेस्टर)

योग्य कपडे आणि शाळेची लेखी मर्यादा असेल तर थंडी हा अडथळा नाही. राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यानुसार ०° फॅरनहाइट तापमान आणि ताशी १५ मैल वारा असताना उघडी त्वचा ३० मिनिटांत गोठू शकते. म्हणून नुसते तापमान न विचारता, कोणत्या ‘विंड चिल’ला, म्हणजे वारा धरून अंगाला जाणवणाऱ्या थंडीला, शाळा मुलांना आत घेते, ते विचारावे. ज्या शाळेकडे या प्रश्नाचे आकड्यात उत्तर नाही, तिने विषयाचा विचार केलेला नाही. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि मग अंग गारठते. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वर वारा अडवणारे जाकीट आणि दुसरी कोरडी हातमोज्यांची जोडी एवढे असावे. हा खर्च लहान नाही, म्हणून शाळेकडे उसने देण्याचे कपडे आहेत का, हे संकोच न करता विचारावे.

टिकची, म्हणजे गोचिडीची, भीती रास्त आहे. मिनेसोटा हे टिकच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराचे क्षेत्र आहे आणि काळ्या पायांच्या टिकचा जोर वसंताच्या अखेरीपासून जुलैपर्यंत व पुन्हा शरदात असतो. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू आणि केसांची मुळे तपासावीत. टिक चिकटलेली दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तेल, काडी, नेलपॉलिश हे घरगुती प्रयोग करू नयेत. पुरळ किंवा ताप आल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, किंडरगार्टनमध्ये जातो. मराठीत व इंग्रजीत मोजकेच शब्द बोलतो, सूचना ऐकून घेत नाही. डिस्ट्रिक्ट शाळेतील शिक्षिकेने मूल्यमापन सुचवले. आम्हाला वाटते की झाडा-मातीत राहिला की मोकळा होईल. त्याचे काकाही उशिरा बोलू लागले होते. शिक्का बसण्यापेक्षा वर्षभर निसर्गशाळेत घालून पाहावे का? (ब्लेन)

वर्षभर थांबू नये. एक महिनाही थांबू नये. शाळा बदलायची असल्यास बदला, परंतु मूल्यमापनाची, म्हणजे मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे का हे शाळेने तपासण्याची, लेखी मागणी आज करा.

कठोर वाटेल, पण सांगतो. निसर्गशाळा ही उपचारपद्धती नाही. मोकळ्या जागेत अनेक मुले शांत होतात, अंगातील धडपडीला वाट मिळते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि म्हणूनच मला या शाळा आवडतात. परंतु ज्या मुलाला शब्द ऐकून त्याचा अर्थ लावणे जड जाते, त्याला ओढ्याकाठीही ते जडच जाते, आणि तेथे फरक एवढाच पडतो की चार भिंतींत जी अडचण शिक्षिकेच्या नजरेस सहज आली असती, ती बाहेरच्या धावपळीत वर्षभर झाकून राहू शकते. ‘काका उशिरा बोलले’ ही माहिती कौटुंबिक इतिहास म्हणून तज्ज्ञांना जरूर सांगावी. ती थांबण्याचे कारण नव्हे. दोन भाषांमुळे मूल बोलायचे थांबते, ही समजूतही सोडावी. दोन्ही भाषांत शब्द कमी असणे हे तपासणीचेच कारण आहे, आणि तपासणी शक्यतो मुलाच्या भाषेत व्हावी असे कायदा सांगतो. मराठी दुभाष्याची मागणी करण्यास लाजू नये.

आता कायदा. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा संघराज्य कायदा चार्टर शाळेला जसाच्या तसा लागू होतो. ‘आमच्याकडे ती सोय नाही, डिस्ट्रिक्टमध्ये राहणे तुमच्याच हिताचे’ असे गोड शब्दांत कोणी सुचवले, तर ते लेखी द्यावे असे नम्रपणे म्हणावे. बहुधा लेखी मिळणार नाही. आपण लेखी विनंती केल्यावर शाळेने एक तर मूल्यमापनाचा प्रस्ताव द्यावा किंवा नकाराची कारणे लेखी द्यावीत. आपली लेखी संमती मिळाल्यापासून शाळेचे ३० दिवस, म्हणजे शाळा भरते ते दिवस, एवढ्या मुदतीत मूल्यमापन पूर्ण करण्याचे बंधन मिनेसोटात आहे. आधी वर्गातल्या वर्गात काही उपाय करून पाहू, असे शाळा म्हणेल आणि राज्याच्या कायद्याचीही तशी अपेक्षा आहे. परंतु अशा उपायांचे निमित्त करून मूल्यमापन लांबवता किंवा नाकारता येणार नाही, असे संघराज्य शिक्षण खात्याने २०११ साली सर्व राज्यांना कळवलेले आहे. तोंडी विनंतीला तारीख नसते. ईमेल करावी आणि जपून ठेवावी.

शिक्का या शब्दाविषयी. शाळेने ठरवलेली विशेष सेवांची पात्रता आणि डॉक्टरांचे निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या संमतीवाचून शाळा सेवा सुरूच करू शकत नाही. जो शिक्का आपण टाळता आहात, तो वर्गातील मुले कोणत्याही कागदाशिवाय मारतात. याउलट आयईपी, म्हणजे मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, हाती असेल तर निसर्गशाळेकडूनही नेमकी मागणी करता येते : बाहेर असताना भाषातज्ज्ञ त्याच्याबरोबर केव्हा असेल, पाण्याजवळ किंवा कुंपण नसलेल्या जागी त्याच्यावर लक्ष कोण ठेवील, हाक ऐकून तो परतला नाही तर काय करायचे. सूचना न ऐकणाऱ्या मुलाला जंगलात नेण्यापूर्वी ही उत्तरे हवीतच.

सर्वांत आधी श्रवण तपासून घ्यावे. अनेकदा तेवढेच राहून गेलेले असते. त्याच वेळी बालरोगतज्ज्ञ व वाचा-भाषातज्ज्ञ यांची भेट ठरवावी. कागदपत्रांत अडल्यास १९७७ पासून पालकांना मार्गदर्शन करणाऱ्या पेसर सेंटरकडे विचारावे. मी मुलाला पाहिलेले नाही, त्यामुळे त्याला काय आहे किंवा काही नाही, हे मी सांगू शकत नाही. वाचकांच्या ओळखीत तीन-चार वर्षांची मुले असतील, तर त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. किंडरगार्टनपूर्वीचे अर्ली चाइल्डहूड स्क्रीनिंग, म्हणजे लहान मुलांच्या वाढीची प्राथमिक तपासणी, या राज्यात मोफत आहे. पाचव्या वर्षी प्रवेशाच्या घाईत ते उरकू नये, तिसऱ्या वर्षीच करावे.

प्रश्न : बस मिळते का? (वुडबरी)

शाळा ज्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे तिच्या हद्दीत साधारणतः मिळते; आपण हद्दीबाहेर राहत असल्यास हद्दीपर्यंत मुलाला पोचवणे आपल्याकडे येते. वेळापत्रक शाळेकडून घ्यावे.

प्रश्न : सगळा दिवस रानात गेला तर गणित-वाचनाचे काय? शिवाय शाळा ‘निसर्गाधारित’ आहे हे ठरवते कोण? (प्लिमथ)

राज्याच्या एमसीए परीक्षा याही शाळांत होतात; तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित, आणि पाचवी व आठवीत विज्ञान. निकाल सार्वजनिक असतात. लहान शाळेत एका इयत्तेत मुले थोडी असल्याने एका वर्षाच्या टक्केवारीवरून मत बनवू नये, तीन-चार वर्षांचे निकाल पाहावेत.

दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे. ‘निसर्गाधारित’ हा कायद्यातील दर्जा नाही. बोधचिन्हावर पान काढून कोणीही तो मिरवू शकतो. सँडस्टोन येथील ऑस्प्रे वाइल्ड्स हे पर्यावरण शिक्षण केंद्र राज्यातील एक मोठे ऑथरायझर आहे आणि आपल्या शाळांकडून ते पर्यावरण शिक्षणाची अपेक्षा ठेवते, तथापि तेवढ्यावरून प्रत्येक शाळा रानात भरते असे समजू नये. आठवड्यात किती तास मुले बाहेर असतात आणि त्या वेळी शिक्षक काय शिकवतात, हे विचारावे. शक्य असल्यास फेब्रुवारीतील साध्या दिवशी जाऊन पाहावे. मे महिन्यातील ‘ओपन हाउस’ला सगळ्याच शाळा हिरव्यागार दिसतात.

प्रश्न : शाळेच्या कारभाराविषयी तक्रार असेल तर कोणाकडे जावे? शाळा बंद पडली तर? (ईगन)

प्रथम शाळेच्या मंडळाकडे जावे. त्यात किमान एक शिक्षक, एक पालक व एक स्थानिक नागरिक असावा लागतो आणि त्याच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. तेथे दाद न मिळाल्यास ऑथरायझरकडे लिहावे. विशेष शिक्षणाविषयीची तक्रार थेट राज्याच्या शिक्षण खात्याकडे करता येते. चार्टर शाळेला मालमत्ता कर लावता येत नाही, तिचा पैसा मुख्यतः पटसंख्येवर येतो, त्यामुळे पट घसरलेली शाळा बंद पडू शकते. तसे झाल्यास आपल्या डिस्ट्रिक्टच्या शाळेला मुलाला घ्यावेच लागते. प्रवेश घेण्यापूर्वी कराराची मुदत केव्हा संपते ते विचारावे, आणि गेल्या दोन वर्षांच्या पटाचे आकडे मागून घ्यावेत.