मॉरिस डीसवर बोलणार आहेस तर

अरे,

तुझं भाषण काल रात्री वाचलं आणि आज सकाळी चहाबरोबर परत एकदा वाचलं. डब्लिनला जाऊन जेमतेम दोन महिने झालेत आणि तू तिथे आयरिश लोकांसमोर त्यांच्याच एका मुलावर, पहिल्या महायुद्धात मेलेल्या मॉरिस डीसवर, दहा मिनिटं बोलायला उभा राहतोयस, मला खूप बरं वाटलं. तू "काका, काय चुकलंय ते स्पष्ट सांगा" असं लिहिलंयस म्हणून सांगतो, नाहीतर गप्प बसलो असतो.

पहिल्या पानावर शूरवीर, अमर, आहुती, गौरवगाथा असे शब्द मी पेन्सिलने गोल करत गेलो, अकरा निघाले. आणि पूल कुठेय? तो मुलगा ज्या पुलावर लढताना गेला तो पूल तुझ्या अख्ख्या भाषणात एका वाक्यापुरता आलाय. ते अकरा शब्द कुठल्याही सैनिकाला लावता येतात रे, पण तो पूल फक्त त्याचा आहे.

म्हणून तिथूनच सुरू कर. २३ ऑगस्ट १९१४, रविवार, बेल्जियममधलं मॉन्स, चर्चच्या घंटा वाजतायत आणि शहराच्या उत्तरेला नीमी गावापाशी कालव्यावर दोन पूल आहेत, एक रस्त्याचा, जो बाजूला फिरवता येतो, आणि एक रेल्वेचा. ते राखायचं काम रॉयल फ्युझिलियर्सच्या चौथ्या बटालियनकडे, आणि तेव्हा एका अख्ख्या बटालियनकडे मशीनगन किती, तर दोन. समोरून जर्मन सैन्य येतंय, सुरुवातीला तर दाटीवाटीने, रांगाच्या रांगा. त्या दोन गन लेफ्टनंट मॉरिस जेम्स डीसच्या हाताखाली होत्या. वय २४, पंचविसावा वाढदिवस पाच आठवड्यांवर.

आता हे नीट बघ. गन रेल्वेच्या पुलाशी, उंचावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी. डीस थोडा मागे, आडोशाला. गन थांबली की काय झालं ते बघायला तो आडोसा सोडून उघड्यावरून पुढे जायचा, पडलेल्या माणसाला बाजूला घेऊन दुसऱ्याला बसवायचा, परत मागे. परत गन थांबली, परत पुढे. पहिली गोळी पायाला लागली, तरी मागे जायला तयार नाही, मग आणखी लागल्या. त्याला मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सगळ्यात मोठ्या शौर्यपदकाच्या, अधिकृत नोंदीत एवढंच आहे की दोन-तीनदा गंभीर जखमी होऊनही आपली सगळी माणसं पडेपर्यंत तो गन चालवून घेत राहिला आणि मग जखमांनी गेला. त्यात एकही जड विशेषण नाही. मी ती नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

त्याच्यापाठोपाठ सिडनी गॉडलीचं नाव यायलाच हवं, तू ते गाळलंयस. गॉडली साधा शिपाई. डीस पडला, गनवरचे सगळे पडले, मागे हटायचा हुकूम आला आणि बाकीच्यांना निघता यावं म्हणून कुणीतरी गन चालवत राहायला हवं होतं, तेव्हा हा बसला. स्वतः जखमी, एकटा. शेवटी गन मोडून तिचे तुकडे कालव्यात फेकले, पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत जर्मनांच्या कैदेत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस दोघांनाही मिळाला, ऑफिसरला मेल्यावर आणि शिपायाला जिवंतपणी. तुझा विषय ऑफिसर आहे हे मला मान्य, पण डीस सकाळभर ज्या माणसांसाठी पुढे-मागे करत होता त्यातला निदान एक तरी श्रोत्यांना दिसला पाहिजे, नाहीतर तो नुसता पुतळा होतो.

आता अवघड भाग. तू लिहिलंयस, "त्याने देशासाठी प्राण दिले." कुठल्या देशासाठी? डब्लिनमध्ये हे वाक्य म्हणशील आणि पहिल्याच रांगेत कुणीतरी खुर्चीत सावरून बसेल. डीस आयर्लंडमधल्या वेस्टमीथचा, कूल गावाजवळच्या गॉल्सटाउनचा, कॅथलिक जमीनदार घराण्यातला, शिकला इंग्लंडमधल्या जेझुइटांच्या शाळेत, मग सँडहर्स्टची लष्करी अकादमी, आणि अंगावर वर्दी ब्रिटिश राजाची. तो गेला त्यानंतर दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीचा १९१६ चा ईस्टरचा उठाव डब्लिनच्याच रस्त्यांवर झाला, ब्रिटिशांनी त्याच्या नेत्यांना गोळ्या घातल्या, आणि १९२२ ला आयरिश लोकांचं वेगळं राज्य आलं तेव्हा ब्रिटिश वर्दीत मेलेल्या मुलाबद्दल घराबाहेर बोलायची सोय राहिली नाही. त्या युद्धात आयर्लंडमधून दोन लाखांच्या वर माणसं लढायला गेली होती, तीसेक हजार तरी परत आली नाहीत, आणि एवढ्या घरांमधले फोटो हळूहळू भिंतीवरून कपाटात गेले.

हे तुला-मला समजायला जड जाऊ नये. माणगावचे यशवंत घाडगे आठव, १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने लढताना गेले, वय २२, त्यांनाही हाच व्हिक्टोरिया क्रॉस, आणि इकडे चले जाव होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आपण त्यांच्याबद्दल बोलताना कसे अडखळतो ते तुला माहीत आहे. पण भाषणात हे घालू नकोस बरं का, दहा मिनिटं डीसची आहेत. तुझ्या मनात असू दे, म्हणजे आवाज बरोबर लागेल.

आणि एका संध्याकाळी बस पकडून आयलंडब्रिजला जाऊन ये. लिफी नदीच्या काठी युद्धस्मारकाची बाग आहे, आपल्या इंडिया गेटचं डिझाइन करणाऱ्या लट्येन्सनेच आखलेली. बांधून झाली १९३० च्या दशकात, पण मग कितीतरी वर्षं तिच्याकडे कुणी बघितलं नाही, पडझड झाली, आणि दुरुस्ती होऊन रीतसर समारंभ झाला तो थेट १९८८ ला. २०११ मध्ये इंग्लंडची राणी आणि आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मॅकअलीस तिथे शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटतं तुझं "देशासाठी" हे वाक्य काढून तिथे ही बाग आण. तो कशासाठी मेला हे आपण ठरवू नये, त्याला आठवायला त्याच्या देशाला किती वर्षं लागली ते मात्र आपण सांगू शकतो.

शक्य असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत बेल्जियमला जा. मी मुलाकडे ब्रसेल्सला होतो तेव्हा आम्ही ट्रेनने मॉन्सला गेलो आणि तिथून सेंट सिम्फोरियनच्या दफनभूमीत, थंडी होती, झाडांखाली ओल्या पानांचा थर. ही दफनभूमी जर्मनांनी सुरू केली, जमीन एका बेल्जियन गृहस्थाने दिली आणि अट घातली की दोन्ही बाजूंच्या मृतांना सारखाच मान मिळाला पाहिजे. जर्मनांनी तिथे आपल्याशी लढून मेलेल्या एका इंग्लिश रेजिमेंटसाठी सुद्धा दगडी स्तंभ उभा केलाय. युद्धातला पहिला मेलेला ब्रिटिश शिपाई जॉन पार आणि शेवटचा जॉर्ज एलिसन, दोघांच्या कबरी समोरासमोर, मध्ये काही पावलं. पार वय चोरून भरती झालेलं पोर होतं. त्या काही पावलांमध्ये चार वर्षं आहेत, मी दोनदा चाललो ते अंतर.

डीसचा दगड शोधायला आम्हाला थोडा वेळ लागला. इतरांएवढाच, पांढरा, फक्त त्यावर तो क्रॉस कोरलेला. शेजारच्या रांगेत एक माणूस गुडघ्यावर बसून हातातल्या कात्रीने दगडांच्या बुडाशी वाढलेलं गवत कापत होता, अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून. आम्ही थांबलेले बघून तो उठून थोडा लांब गेला, आम्ही निघाल्यावर परत येऊन तिथूनच पुढे कापायला लागला.

तर भाषण नव्याने लिही. पूल, दोन गन, डीस, गॉडली, मग बाग. विशेषणं काढलीस की सहा-सात मिनिटांत संपेल, संपू दे, उरलेला वेळ भरायच्या नादी लागू नकोस. आणि बोलायच्या आधी त्याचं पूर्ण नाव तिथल्या एखाद्या मित्राकडून दोन-तीनदा म्हणवून घे, मॉरिस जेम्स डीस, कारण तिथल्या लोकांसमोर ते नाव घेताना तू अडखळायला नको.

लिहून झालं की पाठव. रविवारी सकाळी मी घरीच असतो, फोनवर मोठ्याने वाचून दाखव मला.

तुझा,
काका