एकादशीच्या उपवासाला आईने शुगरची गोळी घ्यावी का?

गोळीत काय आहे त्यावर ठरतं, आधी पाकिटावरचं नाव वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर धोका कमी. ते यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं, एकट्याने ती सहसा फार खाली पाडत नाही. पण सोबत ग्लिमेपिराइड असेल (आपल्याकडे ही जोडी फार दिली जाते) तर सांभाळा. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. साखर ७० च्या खाली गेली की दरदरून घाम, थरथर, धडधड, कधी असंबद्ध बोलणं. लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. किडनी कमजोर असेल तर हा धोका आणखी वाढतो.

डापाग्लिफ्लोझिन ही शुगरचीच आणखी एक गोळी. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं, सोबत पाणीही जातं, त्यामुळे निर्जळी उपवासात ते घेणं मला धोक्याचं वाटतं.

डोस मनाने बदलू नका, चार दिवस आधीच डॉक्टरांना विचारा. आणि साबुदाण्याची खिचडी ताटभर नको, तो निव्वळ स्टार्च आहे.