लेटरहेडवरच्या नंबरला फोन करू नकोस

प्रिय,

तुझी अडचण कळली. खराडीच्या प्रोजेक्टला सोमवारी माणूस हवाय, मॅनेजर मागे लागलाय आणि उमेदवाराचं एक्स्पीरियन्स लेटर तुला खटकतंय. खटकतंय ना, मग थांब. आत्ता उशीर झाला तर मॅनेजर नुसता कुरकुरेल. रुजू झाल्यावर घोळ निघाला तर तोच तुझ्याकडे बोट दाखवेल.

लेटरहेडवरच्या नंबरला फोन करू नकोस. पैसे घेऊन अनुभवाची खोटी पत्रं विकणारे फोन उचलायलाही माणूस बसवतात, आणि तो खऱ्या एचआरपेक्षा गोड बोलतो. नंबर स्वतः शोध. मग पत्रावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, बघ. कंपनी कायदा २०१३ नुसार तो २१ अक्षर-आकड्यांचा क्रमांक लेटरहेडवर छापावाच लागतो. आधी एल किंवा यू, मग पाच आकडे, महाराष्ट्रासाठी एमएच आणि लगेच कंपनी नोंदल्याचं साल. साल २०१९ आणि पत्रातला अनुभव २०१६ पासूनचा असेल, तर थेट विचार. पूर्वी भागीदारी फर्म होती, असं खरं उत्तरही येऊ शकतं.

सॅलरी स्लिपवर डोळे शिणवू नकोस, ती एक्सेलमध्ये कुणीही बनवतो. पीएफची सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद, उमेदवाराने व्हिडिओ कॉलवर स्वतः लॉगिन करून दाखवू दे. ओटीपी, पासवर्ड तू मागायचा नाही. पण पीएफ नाही म्हणजे लबाडी, असंही धरू नकोस. २० पेक्षा कमी माणसांच्या ऑफिसला तो सहसा लागू नसतो. तिथे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि बँकेत जमा झालेला पगार ताडून बघ.

सध्याच्या कंपनीत मात्र उमेदवाराला न विचारता चौकशी करायची नाही. तिथे कदाचित अजून राजीनामाही गेलेला नसेल; तुझ्या एका फोनने हातातली नोकरी जायची.

तफावत निघालीच तर ‘हे बनावट आहे’ असं म्हणू नकोस. ‘या दोन तारखा जुळत नाहीत, खुलासा कराल का?’ एवढंच, तेही मेलवर. खुलासा पटला नाही तर नकार दे. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहेच, पण तक्रारीचं लीगलवाले बघतील. एचआरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव फिरवायला हात शिवशिवतील, ते मात्र करू नकोस. फसव्या क्लासवाल्याला पैसे भरून बसलेलं एखादं पोरही असतं ते.

मॅनेजरला आजच मेल टाक: बीजीव्ही (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन) पूर्ण होईपर्यंत ऑफर नाही. मला सीसीत ठेव.