वाचक विचारतात: अठरा झाले, आता राहायचं कुठं?

गेल्या अंकात फॉस्टरिंगबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरतायत, की केअरमध्ये वाढलेलं पोरगं अठराचं झालं की त्याच्या राहण्याचं काय. मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेच्या, लीव्हिंग केअर टीममध्ये पर्सनल ॲडव्हायझर, म्हणजे केअरमधून बाहेर पडणाऱ्या पोरांची मार्गदर्शक, म्हणून बरीच वर्षं काम केलंय, हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून यावेळचा सगळा कॉलम यालाच. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, ज्या मुलांना आईवडिलांकडे ठेवणं शक्य नसतं त्यांची जबाबदारी तिथली कौन्सिल घेते, मग ती मुलं फॉस्टर कुटुंबात किंवा चिल्ड्रन्स होममध्ये वाढतात, आणि अठराला त्यांना केअर लीव्हर म्हणायला लागतात.

प्रश्न: ताई, आम्ही मिडलंड्समध्ये राहतो, सहा वर्षांपासून एक मुलगा आमच्याकडे फॉस्टर म्हणून आहे. एप्रिलमध्ये अठराचा होईल. मे-जूनमध्ये त्याचे ए लेव्हलचे, म्हणजे आपल्या बारावीसारखे पेपर. सोशल वर्कर परवा सहज बोलल्यासारखं बोलून गेली की वाढदिवसानंतर त्याच्यासाठी शेअर्ड घर बघतोय. तो जेवला नाही त्या रात्री. ह्यांचं म्हणणं सरकारी नियम असेल तर आपण काय करणार. खरंच जावं लागेल का त्याला?

नाही. त्याची राहायची इच्छा आहे आणि तुमची ठेवायची तयारी आहे, तर तो तुमच्याकडेच राहू शकतो, २१ वर्षांचा होईपर्यंत. याला 'स्टेइंग पुट' म्हणतात, २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टने इंग्लंडमधल्या कौन्सिलवर हे बंधन घातलंय, की फॉस्टर घरात अठराचं झालेलं मूल आणि ते कुटुंब दोघांना एकत्र राहायचं असेल तर कौन्सिलने त्याला मदत करायची, पैशाची मदत धरून. मुलाच्या हिताविरुद्ध असेल तरच नाही म्हणता येतं, आणि मग तसं कारण त्यांना द्यावं लागतं. वेल्समध्ये हीच सोय 'व्हेन आय ॲम रेडी' या नावाने आहे, स्कॉटलंडमध्ये 'कंटिन्युइंग केअर'.

आता पैशाचं स्पष्ट बोलते कारण अडतं ते तिथंच. अठरानंतर फॉस्टरिंग अलाउन्स बंद होतो आणि त्याऐवजी स्टेइंग पुटचे पैसे येतात, ते किती द्यायचे याचा आकडा कायद्यात नाही, प्रत्येक कौन्सिलची पॉलिसी वेगळी आणि बहुतेक ठिकाणी ते आधीपेक्षा कमी असतात. मुलाने स्वतःच्या बेनिफिटमधून, म्हणजे सरकारी भत्त्यातून, किंवा पगारातून थोडा हातभार लावायचा असंही ठरवतात. म्हणून आत्ताच ईमेल करा, फोन नको ईमेलच, की आम्हाला स्टेइंग पुट हवंय, तुमची लेखी पॉलिसी पाठवा आणि रक्कम किती, कधीपासून ते कळवा. तुम्हाला स्वतःला काही बेनिफिट मिळत असतील तर या पैशाचा त्यावर काय परिणाम होतो तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि एक, तुम्ही घरात दुसरंही फॉस्टर मूल ठेवत असाल तर हा मुलगा अठराचा झाला की घरातला मोठा माणूस धरला जातो आणि त्याचा डीबीएस चेक, म्हणजे गुन्ह्याची काही नोंद आहे का याची तपासणी, करावी लागते, हे पोराला आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर ज्या घरात सहा वर्षं राहिलो तिथंच आपला पोलीस रेकॉर्ड तपासतायत असं वाटून एखाद्याच्या मनाला फार लागतं, मी पाहिलंय.

मला खटकलं ते 'सहज बोलून गेली' हे. कारण हे असं सहज ठरायलाच नको. सोळाचा झाल्यावर त्याची गरज काय ते तपासून 'पाथवे प्लॅन' बनवायचा असतो, त्यात राहण्याचं, शिक्षणाचं, पैशाचं, तब्येतीचं सगळं लिहायचं, त्याच्याशी बोलून लिहायचं, आणि निदान दर सहा महिन्यांनी परत बघायचं. मग त्या प्लॅनमध्ये राहण्याच्या रकान्यात काय लिहिलंय? त्याला विचारा, त्याच्याकडे कॉपी असायला हवी. नसेल तर मागा. शेअर्ड घर असं लिहिलं असेल तर ते कुणाच्या म्हणण्यावरून लिहिलं ते विचारा, आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहून द्याव्यात, मला इथंच राहायचंय, माझे पेपर आहेत. तरीही ऐकलं नाही तर त्याला स्वतंत्र ॲडव्होकेट मिळण्याचा हक्क आहे, हा कोर्टातला वकील नसतो, पोराच्या बाजूने कौन्सिलशी बोलणारा माणूस असतो, आणि त्याच्या मदतीने रीतसर तक्रार करता येते. त्या उत्तरानेही समाधान नाही झालं तर पुढे ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी.

सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीला गेला तर? तेव्हाही तुमचं घर सुट्टीतलं घर म्हणून राहू शकतं, हे पण प्लॅनमध्ये लिहून घ्या. एरवीसुद्धा घर सोडून युनिव्हर्सिटीत राहणाऱ्या केअर लीव्हरची सुट्टीत राहायची सोय बघणं कौन्सिलचं काम आहे आणि पदवीसाठी २,००० पाउंडाची बर्सरी, म्हणजे शिक्षणासाठीची मदत, वेगळी, ती त्याच्या पर्सनल ॲडव्हायझरला मागायची.

आपली स्वतःची मुलं अठराची झाली म्हणून आपण त्यांचं सामान बांधत नाही ना, नोकरी लागून दोन वर्षं झाली तरी डबा आपलाच असतो. तुम्ही त्या मुलाला तेच देताय, आणि कायदा या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. ह्यांनाही हे वाचून दाखवा. आणि आज रात्रीच त्याला सांगा की तू कुठंही जात नाहीयेस, बाकी कागदपत्रं होत राहतील.

प्रश्न: नमस्कार. लंडनमध्ये माझं छोटं रेस्टॉरंट आहे. आमच्याकडे काम करणारी एक मुलगी, १९ वर्षांची, फॉस्टर घरांमध्ये वाढलेली, गेले तीन आठवडे मैत्रिणींकडे आज इथं उद्या तिथं झोपतीये. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात गेली तर म्हणाले तू या बरोची, म्हणजे लंडनच्या या विभागाची, नाहीस, आणि तशीही तू रस्त्यावर नाहीस, छप्पर आहे डोक्यावर. आम्ही काय करू शकतो?

दादा, दोन्ही गोष्टी चुकीच्या सांगितल्यात तिला. मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपणारा माणूस, ज्याला तिथं राहायचा स्वतःचा हक्कच नाही, तो कायद्याने होमलेसच आहे, त्यासाठी फुटपाथवर झोपावं लागत नाही. आणि १८ ते २० वयाचे केअर लीव्हर, म्हणजे एकविसावा वाढदिवस होईपर्यंत, इंग्लंडमध्ये आपोआप 'प्रायॉरिटी नीड'मध्ये, म्हणजे ज्यांना जागा आधी द्यायची त्यांच्यात, येतात, २००२ पासूनचा नियम आहे हा, त्यासाठी ती आजारी आहे की काय हे सिद्ध करावं लागत नाही. सोळा-सतराच्या वयात ती काही काळ तरी केअरमध्ये होती एवढं दाखवलं की झालं. एकवीसनंतर मात्र केअरमध्ये वाढल्यामुळे आपण जास्त अडचणीत येऊ शकतो हे दाखवावं लागतं, म्हणून आत्ता एकोणिसाव्या वर्षी तिने मागे हटू नये.

बरोचं म्हणाल तर, जी कौन्सिल तिची लीव्हिंग केअरची जबाबदारी घेते तिथं तिचं लोकल कनेक्शन, म्हणजे त्या भागाशी कायद्याने धरलेला संबंध, असतंच. शिवाय दुसऱ्या भागात फॉस्टर घरात सलग दोन वर्षं राहिली असेल आणि त्यातला थोडा तरी काळ सोळाच्या आतला असेल तर एकवीसपर्यंत त्या भागाशीही तिचं कनेक्शन धरतात, २०१७ च्या होमलेसनेस रिडक्शन ॲक्टने ही सोय केली. लंडनची पोरं कितीतरी वेळा लंडनबाहेर, केंटला नाहीतर एसेक्सला ठेवलेली असतात, त्यामुळे याचा खूप उपयोग होतो. आणि कनेक्शन कुठलंही असो, ज्या ऑफिसात ती उभी आहे त्यांनी अर्ज तर घ्यायलाच हवा, आणि ती होमलेस आणि प्रायॉरिटी नीडमध्ये आहे असं मानायला जागा असली की आधी तात्पुरती जागा द्यायची, कनेक्शनची चौकशी त्यानंतर.

तुम्ही विचारलंत आम्ही काय करू. एक दिवस तिला पगारी सुट्टी द्या आणि शक्य असेल तर तुमच्यापैकी कुणीतरी बरोबर जा, खरंच सांगते, बरोबर एक मोठं माणूस वही-पेन घेऊन बसलं की बोलण्याचा सूर बदलतो. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, सकाळी जा. जायच्या आधी तिला तिच्या पर्सनल ॲडव्हायझरला मेसेज करू दे, २५ वर्षांपर्यंत तिला ॲडव्हायझर मागता येतो, मधे दोन वर्षं कॉन्टॅक्ट तुटला असला तरी. नाही म्हणाले तर निर्णय लेखी मागायचा, लेखी मिळाला की २१ दिवसांत रिव्ह्यू मागता येतो. कागद नसेल तर भांडायला काहीच हातात राहत नाही, म्हणून कागद घेतल्याशिवाय उठू नका. शेल्टर किंवा कोरम व्हॉइससारख्या संस्थांना फोन केलात तर तेही मदत करतात, आणि बिकम नावाची संस्था तर खास केअरमधल्या मुलांसाठीच आहे.

सोशल हाउसिंगच्या, म्हणजे कमी भाड्याच्या सरकारी घरांच्या, यादीतही नाव घालून ठेवायला सांगा. पूर्वी यादीत यायला त्या भागात अमुक वर्षं राहिलेलं असावं अशा अटी असायच्या, जुलै २०२५ पासून इंग्लंडमध्ये २५ च्या आतल्या केअर लीव्हरना तशी अट लावता येत नाही. यादीत नाव आलं म्हणजे घर आलं असं मात्र नाही, लंडनमध्ये तर फारच वाट बघावी लागते, हे तिला खरं खरं सांगा.

प्रश्न: मी पुण्यात एका बालगृहात रविवारी शिकवायला जाते. तिथली एक मुलगी तीन महिन्यांत अठराची होते. नातेवाईक कुणी नाहीत. इंग्लंडचं एवढं ऐकतो, आपल्याकडे काही आहे का हो? की गेटबाहेर सोडतात?

आहे, पण कुणीतरी मागे लागावं लागतं, आणि तुम्ही ते करू शकता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आफ्टरकेअर आहे, आपल्याकडे त्यासाठीच्या संस्थांना अनुरक्षण गृह म्हणतात. साधारण २१ पर्यंत, आणि अगदीच अडचण असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे आणखी दोन वर्षं. सहा-आठ जणांनी मिळून एका घरात राहायचं, अशीही तरतूद त्या नियमांत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून आफ्टरकेअरसाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे, पुण्यात तेवढ्यात कॉटही मिळायची मारामार आहे हे मला माहितीये, पण नाहीपेक्षा खूप आहे.

तीन महिने म्हणजे वेळ कमी आहे, म्हणून या आठवड्यातच अधीक्षक मॅडमना विचारा की हिचा पुनर्वसनाचा प्लॅन कुठपर्यंत आलाय आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि बाल कल्याण समितीला कळवलंय का. आणि कागदपत्रं ती संस्थेत आहे तोवरच करून घ्या, आधार, बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर, शाळेचा दाखला, आणि मुख्य म्हणजे अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, पण हातात ते प्रमाणपत्र नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि बाहेर पडल्यावर एकट्या मुलीने महिला व बालविकास विभागात खेटे घालून ते मिळवणं किती कठीण जातं याची कल्पना तुम्ही करू शकता. मी तिकडे पाथवे प्लॅनसाठी जे भांडले तेच तुम्ही इथं या कागदांसाठी भांडा असं समजा. अजून एक, रविवारी जाणं थांबवू नका, ती बाहेर पडल्यावर तुमचे रविवार तिच्या नवीन जागी होऊ देत.

प्रश्न: स्लाउमध्ये आमचा एक वन बेडरूम फ्लॅट आहे. एजंट म्हणतो २० वर्षांच्या केअर लीव्हर मुलीला द्या, पण गॅरंटर, म्हणजे भाड्याला जामीन राहणारं कुणी, नाही तिला. द्यावा का?

द्या. गॅरंटरसाठी तिच्या लीव्हिंग केअर टीमला विचारा, बऱ्याच कौन्सिल स्वतःच गॅरंटर राहतात, डिपॉझिटलाही मदत करतात. एकटं राहणाऱ्या ३५ च्या आतल्या माणसाला भाड्यासाठी फक्त शेअर्ड खोलीच्या दराने मदत मिळते, केअर लीव्हरला मात्र २५ पर्यंत वन बेडरूमचा दर मिळतो, जून २०२१ पासून, तेव्हा हिशोब त्या दराने करा. ही मदत ज्या सरकारी भत्त्यातून येते त्या युनिव्हर्सल क्रेडिटचे पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात, तेवढी कळ काढावी लागेल, आणि गरज असेल तर भाडं थेट तुम्हाला मिळावं अशी व्यवस्था मागता येते. कौन्सिल टॅक्स तिला माफ आहे का तेही बघायला सांगा, इंग्लंडमध्ये अनेक कौन्सिल २५ पर्यंत माफ करतात.

सामानासाठी तिला सेटिंग अप होम अलाउन्स मिळतो, एप्रिल २०२३ पासून सरकारने सुचवलेली रक्कम ३,००० पाउंड आहे. त्यात बेड, फ्रिज, कुकर, भांडी, पडदे सगळं बसवायचं असतं, त्यामुळे तुमच्या फ्लॅटमध्ये जे आहे ते काढू नका, राहू द्या. माझ्याकडच्या एका मुलाला कौन्सिलचा फ्लॅट मिळाला तेव्हा आत कार्पेटसुद्धा नव्हतं, नुसती फरशी, आणि प्रीपेड मीटरवर आधीच्या भाडेकरूचं कर्ज, त्यामुळे त्याने टाकलेले दहा पाउंड त्यातच गेले आणि पहिली रात्र त्याने अंधारात काढली, मला सकाळी फोन आला. म्हणून चावी देताना घाई करू नका, तिच्यासमोर मीटरचं रीडिंग घ्या, फोटो तिच्या फोनवर काढा, वीज कंपनीला तिच्या नावाने फोन लावून द्या, बॉयलर कसा चालू करायचा ते दाखवा आणि मग तिला स्वतःला एकदा करून बघू द्या.