निवृत्तीनंतरचा दिवस आणि यादीतील नववे काम

नागपूरच्या मानेवाडा भागातील एका वाचकांचे पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी ३१ मे रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, मी शासकीय सेवेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. ३३ वर्षांत माझ्या टेबलावर फाईल विनाकारण अडून राहिली नाही. आता मात्र अख्खा दिवस हाती असून एकही काम धड पूर्ण होत नाही. पत्नी शिक्षिका आहे. ती सकाळी सातला जाते आणि दुपारी दोनला परतते, तेव्हाही मी बहुधा वर्तमानपत्र घेऊनच बसलेला असतो. पुण्याच्या मुलीने अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने असलेली डायरी पाठवली आणि मोबाइलवर एक ॲप टाकून दिले. पहाटे पाचला उठण्याचा नेम अकरा दिवस टिकला. उन्हाळा तर सगळा कूलरसमोरच गेला. माझ्या अकरा कामांची यादी सोबत जोडली आहे. मी आळशी झालो आहे का? दिवस सत्कारणी लागावा म्हणून काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रापेक्षा तुमची यादीच मी अधिक वेळ वाचली, कारण पत्रात तुम्ही स्वतःवर आरोपपत्र ठेवले आहे आणि पुरावा मात्र यादीत आहे. अकरापैकी एकाच कामापुढे ‘पूर्ण’ असा शेरा आहे, तो म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये द्यायचा तो दाखला तुम्ही महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात देऊन मोकळे झालात. आळशी मनुष्य तो महिनाअखेरीस, बँकेतून फोन आल्यावर देतो. तेव्हा आळसाचा मुद्दा मी येथेच निकाली काढते.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला होता. कामाला जितका वेळ मिळतो तितके ते पसरते, हा त्याचा सुप्रसिद्ध नियम त्याच लेखातला. तो पटवून देण्यासाठी त्याने रिकामपण असलेल्या एका वृद्ध बाईंचे उदाहरण घेतले आहे. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायचे, तर कार्ड शोधण्यात एक तास, चष्मा शोधण्यात एक तास, पत्ता शोधण्यात अर्धा तास, मजकूर लिहिण्यात सवा तास आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नाही हे ठरवण्यात वीस मिनिटे जातात. कामात गढलेला माणूस हेच तीन मिनिटांत उरकतो, आणि या बाई मात्र संध्याकाळी थकून जातात. लेखाचा रोख पुढे सरकारी खात्यांतील वाढत्या नोकरभरतीकडे वळतो, तो भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. पण त्या बाईंचा दिवस आणि तुमचा दिवस यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

कार्यालयात तुमची कामे होत, ती केवळ तुमच्या निश्चयाच्या बळावर नव्हे. हजेरीपट होता, डबा खाण्याची वेळ ठरलेली होती, साहेब विचारणार होते, समोर टेबलापाशी अर्जदार उभा होता. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आठवून पाहा. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला काय दिले आणि काय दिले नाही, यावर आपल्याकडे आयुष्यभर वाद घालता येतो. परंतु त्याच करारानुसार बहुतेक दरवर्षी नागपुरात अधिवेशन भरत असल्याने येथील कर्मचाऱ्यांना मुदत म्हणजे काय हे नेमके कळते. तारांकित प्रश्नाचे उत्तर सकाळी सभागृहात लागणार असेल, तर रात्री अकरालाही माहिती गोळा होते आणि टिप्पणी तयार होते. तुम्ही तोच मनुष्य आहात. ३१ मे रोजी तुमची क्षमता संपली नाही, तुमच्या दिवसाचे काठ गेले.

म्हणून दिवस मोठा करण्याचा प्रयत्न सोडा आणि तो लहान करा. पहाटे पाचला उठून तुम्ही पसरायला आणखी दोन तास कामाच्या स्वाधीन केलेत, त्यामुळे तो नेम मोडला याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. सकाळी आठ ते साडेदहा हे तुमचे कार्यालय समजा. त्यासाठी आंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून, वर्तमानपत्र नसलेल्या टेबलाशी बसा, आणि त्या अडीच तासांत दोनच कामे घ्या. साडेदहाला ती अपुरी असली तरी उठा. नंतर उरलेला दिवस खुशाल तुमचा. वर्तमानपत्र तेव्हा वाचा, हार्मोनियम तेव्हा काढा. यादीत हार्मोनियम ‘काम’ म्हणून का आहे, हे मला कळले नाही. ते तेथून खोडून टाका. आणि उन्हाळ्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना नागपूरच्या घरात दुपारी कोणाचेही डोके चालत नाही. पुढच्या वैशाखात हेच कार्यालय सकाळी सहाला उघडा आणि साडेआठला बंद करा.

एक गोष्ट मात्र तुम्ही न विचारता सांगते. तुमच्या अकरा कामांत स्वयंपाकघरातले एकही काम नाही. दोनला थकून येणाऱ्या बाईंसाठी कुकर कोण लावते? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा त्याच लावत असाव्यात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि ही ९७ मिनिटेही जे पुरुष घरकाम करतात केवळ त्यांचीच सरासरी आहे. वरणभात आणि एक भाजी दीडपर्यंत तयार ठेवण्याची जबाबदारी तुम्ही घ्या. तुमच्या दृष्टीनेही हे काम सोयीचे आहे, कारण त्याला मुदत आहे आणि त्याची वाट पाहणारे माणूस आहे. नेमक्या याच दोन गोष्टी तुमच्या दिवसातून नाहीशा झाल्या आहेत.

आता नवव्या कामाकडे येते. बाकी प्रत्येक कामापुढे तुम्ही सवयीने शेरा लिहिला आहे : स्कूटरला गिऱ्हाईक पाहणे, बँकेत केवायसीसाठी झेरॉक्स नेणे, कूलरचा पंप बदलणे. ‘भाऊंशी महालातील घराबाबत बोलणे’, म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या घराबाबत, यापुढे काहीच नाही. मग मी यादी पुन्हा वरून वाचली. पहिले काम, वडिलांच्या पेटीतील कागद लावणे. चौथे, आखीव पत्रिकेची, म्हणजे शहरातील जागेच्या सरकारी नोंदीची, प्रत काढणे. सहावे, घराच्या मालमत्ता कराची जुनी थकबाकी पाहणे. ही तिन्ही कामे त्याच घराची आहेत, आणि मोठ्या भावाशी बोलणे होत नाही तोवर ती सरकणार नाहीत, हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. पेटी उघडली तर कागद हाती येतील, कागद हाती आले तर फोन करावा लागेल. म्हणून तुम्ही पेटीच उघडत नाही आणि सकाळभर वर्तमानपत्रच वाचता. याला मी वेळेचे नियोजन म्हणणार नाही. हे भय आहे, आणि भावाभावांत वाटणीचा विषय निघाला की ते कोणालाही वाटते.

पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच काम केले आहे. अमुक करायचे आहे असा नुसता संकल्प सोडण्यापेक्षा, अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले की मी अमुक करीन, असे आधीच ठरवून ठेवले तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणून नवव्या कामापुढे शेरा लिहा : ‘येत्या रविवारी सकाळी नऊला भाऊंकडे जाणे. चहा झाला की पेटीचा विषय काढणे.’ सोबत एकही कागद नेऊ नका, कारण कागद पाहिले की समोरचा मनुष्य सावध होतो. हिश्श्याचा शब्दही काढू नका. वडिलांची पेटी उघडायची आहे आणि ती मला एकट्याने उघडवत नाही, त्या दिवशी तुम्ही याल का, एवढेच विचारा. ते नाही म्हणाले तरी निदान उत्तर मिळालेले असेल आणि पहिले काम तुम्ही सोमवारी आठ वाजता एकटेच सुरू करू शकाल. ते हो म्हणाले, तर त्यांच्या सोयीची तारीख तेथेच ठरवून घ्या. पुढचे कायदेशीर सोपस्कार, वाटणीपत्र आणि त्याची नोंदणी, वकिलांना विचारून यथावकाश होतील.

मुलीने टाकलेले ॲप काढून टाका, तिला वाईट वाटणार नाही. डायरी मात्र ठेवा. अर्ध्या तासाचे रकाने तुमच्या उपयोगाचे नाहीत, पण पेटीतून निघणाऱ्या कागदांची अनुक्रमांकासह सूची करायला ते उत्तम आहेत, आणि अशी सूची तुमच्याइतकी नेटकी त्या घरात दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.