शेक्सपियरच्या नावाचे चावट अर्थ जुने आहेत की आजची टवाळी?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत 'शेक्सपियर' या नावाची जी चावट फोड केली जाते, ती हल्लीच्या पोरांनी काढलेली आहे की तिला जुना आधार आहे. आधार आहे, आणि तो खुद्द शेक्सपियरपेक्षा जुना आहे.

आडनावाची फोड सरळ आहे: शेक म्हणजे हलवणे, स्पिअर म्हणजे भाला. भाला परजणारा शिपाईगडी, असा सभ्य अर्थ. इंग्लंडात ब्रेकस्पिअर (भाला मोडणारा), वॅगस्टाफ (सोटा हलवणारा) अशीही आडनावं आहेत. १२व्या शतकात एक ब्रेकस्पिअर तर पोप झाला. पण भाला, सोटा, तलवार यांचा दुसरा अर्थ काय होतो हे लावणी ऐकलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. तो तिकडेही होत होताच. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात १४८७ साली ह्यू शेक्सपियर नावाच्या गृहस्थाने आडनाव बदलून सॉन्डर केलं. नोंदीत कारण दिलंय: हे आडनाव हलकं समजलं जातं. आपला नाटककार जन्मला १५६४ साली. म्हणजे त्याच्या आधी पाऊणशे वर्षं लोक या नावाला लाजत होते.

त्याच्या घराण्याला मात्र लाज वाटलेली दिसत नाही. १५९६ साली वडिलांना कुलचिन्ह मिळालं. त्यावर तिरपा भाला आणि वर पंजात भाला धरलेला ससाणा. त्याआधी १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या नाटककाराच्या नावावर निघालेल्या पुस्तिकेत याच आडनावाला चिमटा काढलाय. त्यात कुणा उपटसुंभ कावळ्याला 'शेक-सीन' म्हटलंय, म्हणजे स्वतःला देशातला एकमेव रंगमंच हलवणारा समजणारा. हा टोमणा चावट नाही, निव्वळ जळफळाट आहे.

खरी गंमत आडनावात नाहीच, ती 'विल'मध्ये आहे. विल्यमचं घरगुती रूप विल. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दाचे अर्थ इच्छा, हट्ट, मृत्युपत्र, वासना, आणि बोलीत स्त्री-पुरुष दोघांचंही गुह्यांग. शेक्सपियरने १३५व्या सुनीतात (सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता) हे सगळे अर्थ एकाच वेळी नाचवलेत. प्रेयसीला तो विचारतो, तुझं विल एवढं ऐसपैस, मग माझं विल त्यात एकदा तरी लपवून घेशील का? १६०९च्या छापील प्रतीत यातले काही 'विल' मोठ्या अक्षराने आणि तिरक्या टाइपात छापलेत, म्हणजे वाचकाच्या नजरेतून सुटायला नकोत! पुढचं, १३६वं सुनीत संपतं ते 'कारण माझं नाव विल' या अर्थाच्या शब्दांवर. आपला शाहीर लावणीच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो तसंच. फक्त इथे नावच सगळ्यात चावट शब्द आहे. मला तर वाटतं, आजवर त्याच्या नावावर झालेले सगळे विनोद या दोन सुनीतांपुढे पाणचट चहा आहेत.

आणखी एक किस्सा सांगतो. जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने १६०२ साली डायरीत तो लिहून ठेवलाय. बर्बेज हा नट तिसऱ्या रिचर्डची भूमिका करायचा. एक बाई त्याच्यावर भाळली आणि म्हणाली, रात्री ये, 'तिसरा रिचर्ड' आलाय असं सांग. शेक्सपियरने ते ऐकलं आणि आधीच जाऊन पोचला. थोड्या वेळाने निरोप आला की तिसरा रिचर्ड दारात उभा आहे. यावर शेक्सपियरने उलट निरोप धाडला: विल्यम द कॉन्करर तिसऱ्या रिचर्डच्या आधी होऊन गेला. (इतिहासाच्या दृष्टीने बिनचूक! दोघेही इंग्लंडचे राजे, एक १०६६चा, दुसरा १४८३चा.) ऐकीव गप असेल, पण मॅनिंगहॅमने खाली टीप जोडलीय की शेक्सपियरचं नाव विल्यम. विनोद समजावून सांगणारे तेव्हाही होतेच.

आपल्याकडे या नावाची जी थट्टा होते तिला चावटपणाचा वास नाही. तो मुळात दाक्षिणात्य 'शेषप्पा अय्यर' होता, हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. अरबांकडे त्याचा भाऊ आहे, 'शेख झुबेर'. तिकडे तर काहींनी तो विनोद गंभीरपणे मांडला. आणि शाळेत निबंध लांबला की मास्तर 'मोठा शेक्सपियर लागून गेलास!' म्हणायचे, त्यात नावाचा काही संबंध नव्हता.

सुनीतं वाचायची असतील तर टिपा असलेली आवृत्ती घ्या. शाळा-कॉलेजातल्या निवडक संग्रहांत १३५वं शोधत बसू नका.