उपचार परदेशात, हिशेब घरात

प्रश्न : वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी जर्मनीतल्या हॉस्पिटलला ३० लाख रुपये पाठवायचे आहेत. त्यातून टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, किती कापला जाईल? (नाशिक)

उत्तर : टीसीएस रकमेतून कापत नाहीत, बँक तो वरून घेते. त्यामुळे खात्यात ३० लाखांहून जास्त शिल्लक हवी. २०२५-२६च्या नियमानुसार पहिल्या १० लाखांवर टीसीएस नाही. उरलेल्या २० लाखांवर त्या वर्षी उपचारासाठी ५ टक्के, म्हणजे १ लाख लागायचा. घोटाळा होतो तो परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या ए-२ फॉर्मवर. कारणाच्या रकान्यात उपचाराऐवजी खासगी प्रवास लिहिला गेला, तर त्या वर्षीचा दर २० टक्के होता आणि १ लाखाचे ४ लाख व्हायचे. वडिलांचं व सोबत जाणाऱ्याचं तिकीट, तिथला रोजचा खर्च हेही उपचारातच धरतात, तेव्हा तसंच लिहा.

१० लाखांची सूट पॅनमागे वर्षातून एकदाच मिळते, बँक बदलून ती वाढत नाही. मात्र भावाने स्वतःच्या खात्यातून निम्मी रक्कम पाठवली, तर त्याची सूट वेगळी. २०२५-२६च्या दराने मग दोघांचा मिळून टीसीएस ५० हजारांवर यायचा. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पगारदार असाल तर भरलेला टीसीएस ठरलेल्या फॉर्मवर कंपनीला कळवा, पगारातून टीडीएस तेवढा कमी कापला जाईल. पैसे पाठवण्याच्या दिवशी लागू असलेला दर बँकेत विचारून घ्या.

खरी चिंता मला वाटते ती विनिमय दराची. बिल ३० हजार युरोचं असेल आणि युरो ३ रुपयांनी महागला, तर ९० हजार वाढले. अंतिम बिल अंदाजापेक्षा बरेचदा मोठं येतं, म्हणून १० ते १५ टक्के रक्कम राखून ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी परदेशातले ठरवून घेतलेले उपचार देत नाहीत.

प्रश्न : सुट्टीत पुण्याला येऊन दोन आठवड्यांत दाताचं इम्प्लांट होईल का? खर्च अमेरिकेतल्या करात दाखवता येईल? (न्यू जर्सी)

उत्तर : बहुधा नाही. स्क्रू हाडात बसायला तीन ते सहा महिने लागतात, कॅप त्यानंतर. म्हणजे तिकिटं दोनदा. एका दातासाठी हे परवडत नाही, पूर्ण जबड्यासाठी परवडू शकतं. ठोक वजावट न घेता वजावटी एकेक करून दाखवत असाल, तर समायोजित उत्पन्नाच्या (adjusted gross income) ७.५ टक्क्यांवरचा वैद्यकीय खर्च वजा होतो. सुट्टीसाठी काढलेलं तिकीट त्यात बसत नाही. इम्प्लांटच्या बॅच नंबरचा स्टिकर मागून घ्या. तो नसला, तर तिकडच्या डॉक्टरला जुळणारे सुटे भाग शोधणं कठीण जातं.

प्रश्न : हॉस्पिटलजवळ परदेशी रुग्णांसाठी गेस्ट हाउस काढावं का? (नवी मुंबई)

उत्तर : काढा, पण एकाच देशावर विसंबू नका. ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशींचे व्हिसा आटले आणि कोलकात्यात मुकुंदपूरच्या हॉस्पिटलांभोवतीची लॉज, औषधदुकानं, खाणावळी अडचणीत आल्या. वैद्यकीय व्हिसावरच्या रुग्णासोबत दोघांपर्यंत सोबती येतात, म्हणून तिघांची, स्वयंपाकाची सोय असलेली खोली चालते. डिस्चार्ज पुढे ढकलला जातोच. भाडं आठवड्याचं ठेवा आणि मुदत वाढवायला जागा सोडा. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरा.